सुनंदानं पाडायला लावलेली भिंत

नागपूर, बुधवार, संध्याकाळ

ऑफिसातून येऊन चपला काढतेय तोवर इनामगावहून आप्पांचा फोन. "तुझ्या त्या पोरीनं सैपाकघराची भिंत पाडाया लावली! कमरंपत्तुर आली व्हती."

ती पोर म्हणजे सुनंदा. गावाकडच्या माझ्या घराचं बांधकाम बघायला मी तिला ठेवलं, तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुरले ते आप्पाच, माझे सख्खे चुलते. गवंडी बाईचं ऐकत नसतात म्हणे. मी हट्टानं ठेवलं. पाबळला बांधकामाचं शिकलीय, रोज दौंडहून गाडीवर येते.

पण भिंत का पाडली? कालच तिनं भिंतीला ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, लावून फोटो पाठवला होता. खाली लिहिलेलं, "ताई, ओळंबा बघा." मी "मस्त!" लिहून मोकळी झाले.

मस्त कसलं? आप्पांनी सांगितलं, भिंत बोटभर कलली होती. ती मला तेच दाखवत होती. आणि गवंडी तिच्या फोनवरचं माझं ते "मस्त" धरून बसला. "मालकिणीला पसंत हाय, मंग तुला काय करायचंय?"

तर ही म्हणाली, "मालकीण लांब हाय म्हणून तर मी हाय. पाडा."

पाडली त्यानं! आप्पांच्या देखत.

मग आप्पा जरा घुटमळले. "आमच्या बी घराचं काम काढायचंय. तिला इचारशील का?"

आप्पा! इतकं भारी वाटलं. घर व्हायचं तेव्हा होईल, माणूस मात्र मी बरोबर निवडलं.

आत्ता ओळंब्याचा तो फोटो पुन्हा उघडला. मोठा केला, पट्टी लावून बघितली. मला ती भिंत अजून सरळच दिसतेय.