हळद काढायला

३० ऑगस्ट, शनिवार

शेजारणीचा सुहेल अजून आला नाही.

रोज कुंपणापाशी जाऊन विचारते, "सुहेल?" ती मान हलवते. नाही! उम्म हसन तिचं नाव, म्हणजे हसनची आई. वय माझ्याएवढंच, दारात खजुराची जुनी झाडं. तिला हिंदीचे चार शब्द येतात, मला अरबीचे तीन. तरी आमचं जमतं. मी जूनमध्ये इथं बहरैनला लेकाकडे आले आणि दुसऱ्याच दिवशी मागची माती चिमटीत घेऊन बघत होते, तर तिने पलीकडून हातच जोडले. आत्ता नको! सुहेल येऊ दे, मग यल्ला, लाग कामाला! सुहेल म्हणजे तिचा धाकटा मुलगा असणार. परदेशी नोकरीला असेल. अंगाने दणकट असेल, फावडं तोच मारत असेल.

मी सांदणं करून फ्रीजमध्ये ठेवलीत. आला की देईन. फावडं मागायचं तर रिकाम्या हाताने कसं मागणार?

२ सप्टेंबर

फजरची नमाज झाल्यावर मागचं दार उघडलं. चष्म्यावर वाफ धरली. टाकीचं पाणी पहाटेसुद्धा हाताला चटका देतं. दार लावून घेतलं.

जून, जुलै, ऑगस्ट — खिडक्यांना चांदीचा कागद, वर पडदे, एसीची घरघर आणि मी. फहाद आणि सुनबाई नाझिश सकाळीच गाडीने ऑफिसला जातात, तो मनामाला, ती सनाबिसला. नात लाईबा दुपारी शाळेच्या व्हॅनने येते, तोवर घरात बोलायला फक्त भिंती. बुदैयाच्या हायवेला पायी निघावं तर जायचं कुठं? सगळ्या गाड्या. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेले, तर एका माणसाने गाडी थांबवून विचारलं, मदत हवी का!

दोन महिन्यांसाठी आले होते. लाईबाला सांभाळणारी बाई सोडून गेली म्हणून. लोक म्हणतात हिवाळ्यात माणूस घरात कोंडतो. इथं उन्हाळा कोंडतो.

६ सप्टेंबर, शनिवार

शरमेने मेले आज! चहाच्या वेळी फहादला म्हटलं, शेजारणीचा सुहेल कधी यायचाय ते तुझ्या अरबीत विचार जरा. तो हसला, इतका हसला की चहा सदऱ्यावर सांडला. "अम्मी, सुहेल म्हणजे तारा हाय! स्टार! तो पहाटे दिसाया लागला का हितला उन्हाळा उतरतो."

तारा! आणि मी त्याच्यासाठी सांदणं करून बसले होते. फहादनेच खाल्ली सगळी. मीही हसले. मग खोलीत येऊन थोडी रडले. इतके दिवस कुणीतरी यायची वाट बघण्यात बरे जात होते.

डोळे पुसून परत गेले आणि सरळ विचारलं, "उन्हाळा सरला ना? मग आता मना घरी जायचा हाय."

"बाग लावून दे अम्मी. लाईबा मातीत खेळेल, मोबाइल सुटेल तिचा. मग जा."

"जानेवारीत गावची हळद काढायच्या आत?"

"इंशाल्ला."

लेकाच्या तोंडात हा शब्द आला की मला धडकी भरते. त्याचे अब्बाही असंच म्हणायचे. सबंध नोकरी इथल्याच नईम भागात एका खोलीत काढली त्यांनी. फोनवर म्हणायचे, येतो, इंशाल्ला. आणि मी म्हसळ्याच्या एसटीकडे डोळे लावून बसायची. आता ते मातीत गेले, मी त्यांच्या बहरैनमध्ये आले, आणि दार माझं तिकडे बंद.

पण ठरलं. बाग लावायची आणि जायचं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी म्हणून फहादने फावडं आणलं. दोन वाफे खणून दिले आणि कमर धरून आत गेला. गावचा मुलगा म्हणे!

मागच्या भाडेकरूने लावलेलं जवळजवळ सगळं जळालंय. मोगरा काटक्यांचा. कढीपत्त्याच्या खोडावर नख मारून बघितलं — आत हिरवी रेघ! अल्लाची करणी. लिंबाला मात्र काही नाही, तपकिरीच. मातीवर पांढरा खार फुटलाय, जिभेला लावला तर मीठच. उम्म हसनने कुंपणावरून दाखवलं, पाणी सोड, भरपूर सोड, खार खाली जाऊ दे. मग खत. मग बी. घाई नको.

घाई नको! हिला काय सांगू मला कसली घाई ते.

हळद लावून निघाले होते मी गावाहून. मागच्या परड्यात, विहिरीच्या कडेने. सासूबाईंची हळद ती. दरवर्षी त्याच हळदीतला जुना गड्डा बियाण्याला मागे ठेवायचा, त्यातूनच पुढची. जानेवारीत पानं वाळून आडवी झाली की मगच काढायची, त्याआधी उकरली तर हाताला काही लागत नाही. फहाद लहान असताना टोपली घेऊन माझ्यामागे यायचा. मी ओरडायची, "गड्डा ठेवलास का रे मागे?" एकदा विसरला तर रात्री कंदील घेऊन परत पुरून आला होता.

शेजारच्या कांताला बजावून आलेय, पानं हवी तितकी ने, पण हळदीला हात लावायचा नाही. मी येऊन काढेन.

१५ सप्टेंबर

पासपोर्ट मागितला. "ऑफिसच्या लॉकरला हाय अम्मी, सेफ." माझा पासपोर्ट कोण चोरणार! मग म्हटलं, दोन महिन्यांच्या पाहुणीला रेसिडेंट कार्ड कशाला काढलंस? "असू दे, डॉक्टरकडं बरा पडता."

मागच्या पावसाळ्यात विहिरीपाशी पाय घसरून पडले होते. तेव्हापासून फहादच्या तोंडी एकच, तिथं एकटी कशी राहणार? अरे, पडले तशी उठले पण! कांता धावत आली, हळद गरम करून बांधली, आठवड्यात चालायला लागले.

२० सप्टेंबर

दमट. काहीच केलं नाही. भिंतीकडे बघत बसले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

खत कालवलं. हातांना शेणाचा वास लागला आणि किती बरं वाटलं! नाझिशने नाक धरलं. पण माझ्यासाठी टोपी आणली, पायांना लावायचं मलम आणलं. "अम्मी, तुम्ही उन्हात फार थांबू नका ना. तुम्हाला काही झालं तर आमचं कसं होणार?"

कुणी वाईट वागत नाही माझ्याशी. हीच तर पंचाईत आहे. वाईट वागले असते तर भांडता तरी आलं असतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बी टाकलं! मेथी, कोथिंबीर, लाल माठ, मुळा. उम्म हसनने जरजीर दिलं, तिखट पाल्याची भाजी आहे, कच्चीच खातात. टोमॅटोची रोपं नाझिश घेऊन आली, चांगली डझनभर. म्हणाली, "एप्रिलपर्यंत टोमॅटो विकत आणायला नको."

मी म्हटलं, "एप्रिलपर्यंत बघणार कोण?"

"तुम्ही आहात ना!"

सहज बोलली. रोपाची पिशवी फाडत होती तेव्हा. माझ्या हातातलं खुरपं तसंच राहिलं.

७ ऑक्टोबर

मेथी वर आली. दाट, एकसारखी. लाईबा ओणवी होऊन बघत बसली. "दादी, दे आर सो टायनी!" मी म्हटलं, मराठीत सांग. विचार करून म्हणाली, "बारीक बेबी."

मला ही बाग आवडायला लागलीय. लिहून ठेवते, कारण कुणाला सांगणार नाही. आणि भीतीही तीच. बाग जितकी छान येतेय, तितकी मी इथं रुतत चाललेय. ही नीट आली की म्हणणार, आता सोडून कशी जाशील!

१२ ऑक्टोबर

पाणी घातलं नाही. काल पण नाही.

मुद्दाम. सुकू दे सगळं. बागच नसेल तर माझं काय काम? मग बसव म्हणावं मला विमानात. दिवसभर मागचं दार उघडलं नाही. एसीखाली पडून राहिले. कान सगळा मागच्या अंगणात.

दुपारी लाईबा आली, दप्तर टाकून मागे पळाली आणि तशीच परत. "दादी, दे आर थर्स्टी! कम, कम!" टोमॅटोंनी माना टाकल्या होत्या. मेथी भुईला चिकटलेली. काय झालं मला! पाइप धरून धावले. पाणी घालता घालता मेथीची माफी मागत होते. लाईबा म्हणाली, "व्हाय आर यू क्रायिंग?" म्हटलं, नळाचं पाणी उडालं डोळ्यांत.

माझ्या हातून नाही होणार हे. दुसऱ्या मार्गाने जावं लागेल.

१३ ऑक्टोबर

उठली सगळी. बिचारी.

२२ ऑक्टोबर, दिवाळीचा पाडवा

कांताला दिवाळीचा फोन केला. फटाक्यांचा आवाज, तिची पोरं, भांडी, सगळं ऐकू आलं. कानाला फोन घट्ट दाबून धरला.

"हळद कशी हाय गं?"

"खांद्याला लागली भाबी! पानं अशी, का एकेकात पातोळी बसंल. पन तुम्ही कवा येताव? लवकर या."

"का गं? काय झाला?"

"नाय, असंच. परवा दोन मानसं आलेली. फहादनं धाडलीत म्हनाली. घर बघितला, विहीर बघितली, पंप चालू करून बघितला." मग हळूच म्हणाली, "तुम्ही इचारा फहादला."

मला तर इतका आनंद झाला! पंप दोन वर्षं बंद पडलाय. म्हणजे पोरगा माझ्यासाठी घर नीट करून घेतोय. तोंडाने बोलत नाही, बापासारखाच आतल्या गाठीचा. मी नाही विचारणार. त्याला वाटेल तेव्हा सांगू दे. घर त्याच्याच नावावर आहे, त्याच्या अब्बांनी शेवटच्या आजारात विचारलं तेव्हा मीच म्हटलं होतं, करा, माझा एकुलता एकच तर आहे.

आणि मी त्याच्या बागेचं पाणी तोडायला निघाले होते! तोबा.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटे अंगावर शाल घेतली. पहिल्यांदा! खिडक्यांचा चांदीचा कागद मी स्वतः ओरबाडून काढला. उजेड आला घरात.

मेथी खुडली. भाकरी, मेथीची भाजी, सुकट. फहादने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि बोटं चाटत म्हणाला, "अम्मी, घरची चव हाय." उम्म हसनला एक जुडी दिली. तिने बाग बघितली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "खलास!" झालं, पुरं झालं. कढीपत्त्याला नवी पालवी. मोगऱ्यालासुद्धा!

रात्री फहादला म्हटलं, "बाग लावून दिली. आता तिकीट काढ."

त्याने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मीच जातंव मुंबईला. ऑफिसचा काम हाय."

"मना पण ने की! हळदीपर्यंत थांबेन तिथंच."

"चार-पाच दिवसांची धावपळ अम्मी, कुठं फरफट तुझी. आलो का बोलू आपण." उठला, परत वळून म्हणाला, "गावाला पण चक्कर टाकीन. काय आणू तुझ्यासाठी?"

"काय नको. फक्त परड्यात उभा राहून एक फोटो काढ हळदीचा. हात लावू नको तिला."

८ नोव्हेंबर

फहाद गेला. विमानतळावर सोडायला मी पण गेले होते. तो आतल्या दारातून गेला आणि मला वाटलं, मीही अशीच चालत जावं त्याच्या मागून. कोण अडवणार? पण हातात काय, तर लाईबाची पाण्याची बाटली.

१० नोव्हेंबर

फोटो आला नाही.

१२ नोव्हेंबर

कांता फोन उचलत नाही. मेसेज बघते, उत्तर देत नाही. तिचा मोबाइल पोरांच्या हातात असेल. टोमॅटोला फुलं आलीत. नाझिश ऑफिसातून आल्यापासून माझ्यामागे, अम्मी हे खाता का, अम्मी पाय चेपू का. हिला काय झालंय?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फहाद आला. बॅग उघडायच्या आधीच वास आला, सबंध घरभर, माझ्या परड्याचा. गोणपाट सोडून माझ्यापुढे ठेवला. "सरप्राइज अम्मी! तुझी हळद. हितंच लाव आता, तुझ्या हातची बाग हाय."

पानं अजून हिरवीगार. कंद करंगळीएवढे, पांढुरके, कच्चे. सगळी आणलीय, एकूण एक. खाली हात घातला तर जुने गड्डेसुद्धा. बियाण्याचे. मागे काहीच ठेवलं नाही त्याने.

मी विचारलं, "घर कुणाला दिलास, फहाद?"

तो म्हणाला, "अम्मी, चहा तरी पिऊ दे."