रेषेबाहेर बघणाऱ्या पोरी

सर, आज पुन्हा शिसारी आली, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापुढे भीडही वाटत नाही. डोंबिवलीतल्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या कोर्टवर एका अकादमीसाठी मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. कोर्ट निळं, गुळगुळीत. टेंभी नाक्याजवळच्या आपल्या शाळेतल्या सिमेंटसारखं गुडघे सोलणारं नाही. कडेला पालकांसाठी खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि सगळी घाण तिथूनच सुरू होते. "अगं शूट कर ना, शूट!" एकीचे बाबा ओरडतात. "पास दे, पास! झोपलीयस काय?" दुसरीची आई. बॉल हातात आला की पोरगी बास्केटकडे बघत नाही, अंगावर आलेल्या मुलीकडे बघत नाही. मान वळवून रेषेबाहेरच्या खुर्च्यांकडे बघते, आणि मग कुठे तिचा हात हलतो. तोवर समोरचीने बॉल काढून नेलेला असतो. कुठला क्लास लावायचा हे आईबापांना विचारतात ते मी समजू शकते, पण हातातला बॉल कुणाला द्यायचा हेही विचारायचं? किळस येते हो बघून.

तुमची ती सुट्टीतली प्रॅक्टिस आठवते. तुम्ही ड्रिबल बंद केलेलं. बॉल जमिनीवर आपटायचाच नाही, नुसता पास द्यायचा आणि पळायचं. आम्ही तिघी, आमच्यावर तिघी, आणि तुम्ही बास्केटखाली हाताची घडी घालून गप्प उभे. मी बॉल छातीशी धरून वैतागून विचारते, "सर, आता कुठे जाऊ?" तुम्ही उखडता. "मला काय विचारतेस? तुझ्यावर जी उभी आहे तिला विचार!" मी बावळट, खरंच तिला विचारते, "कुठे जाऊ गं?" सगळ्या फिदीफिदी हसतात, तुम्हीसुद्धा. मग तुम्ही तिलाच उभं करून दाखवलंत. ती अंगाला चिकटली तर बाजूने आत घुसायचं. लांब राहिली तर तिथूनच बास्केट मारायचं. आणि बॉल दुसरीकडे असताना ती मान वळवून तो बघत बसली, तर तिच्या पाठीमागून सटकायचं. "ती सगळं सांगतेय. तू बघतच नाहीयेस," असं तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा खेळ दिसला.

हेच मी इथे शिकवायला लागले तर अकादमीचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पालकांना कळतच नाही तुम्ही काय शिकवताय ते. नंबर द्या ना. एक म्हटलं की इकडे पळायचं, दोन म्हटलं की तिकडे. व्हिडिओमध्ये एकदम मस्त दिसतं." मस्त दिसतं म्हणे! पंधरा ऑगस्टची कवायत आहे का ही? वीट आलाय मला या माणसाचा, त्याच्या गळ्यातल्या शिट्टीचा, प्रत्येक बास्केटनंतर वर होणाऱ्या त्या मोबाइलांचा. तरी नोकरी सोडली नाही. यातली एक तरी पोर स्वतःच्या डोळ्यांनी खेळताना मला बघायची होती. बाकी कप-बिप गेले खड्ड्यात. आणि एक आहे तशी. आठवीतली, शहाडहून येते. तिचे बाबा सगळ्यांत मोठ्याने ओरडतात.

आज कल्याणला मॅच होती. बॉल तिच्या हातात. बाबा नेहमीसारखे "शूट!" म्हणून घसा फोडतायत, माझ्या शेजारून मालक "दोन! दोन नंबर!" करतायत. तिने मान वळवलीच नाही. पलीकडे आमच्या एका मुलीवरची राखणदार बॉलकडे बघत उभी होती. आमची ती मुलगी तिच्या पाठीमागून सटकली, आणि हिने नेमका तिच्या पुढ्यात टप्पा पास टाकला. बास्केट! मालक माझ्यावर खेकसले, "हिला कोणी सांगितलं हे?" मी म्हटलं, "कोणीच नाही." सर, हे दोन शब्द उच्चारताना मला जो आनंद झाला तो मॅच जिंकूनही कधी झाला नव्हता.

टाइमआउटला ती धापा टाकत थेट माझ्याकडे आली. "मॅडम, बरोबर केलं ना मी?" तुम्ही असतात तर उलट तिलाच विचारलं असतंत की तुला काय दिसलं, आणि उत्तर मिळेपर्यंत तोंडातून ब्र काढला नसतात. मी तिचा गाल धरला आणि म्हटलं, "एकदम बरोबर. अस्संच खेळायचं."

त्यानंतर मॅच संपेपर्यंत ती खुर्च्यांकडे एकदाही वळली नाही. प्रत्येक पासआधी ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड फिरवायला हवं होतं, ते कळतही होतं. मी मान डोलवत राहिले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिते. तिने माझ्याकडे बघितलं की मला फार बरं वाटत होतं, सर.