तीन बोटं

३ जून
नवऱ्याच्या पित्ताशयातले खडे काढायचंच ठरलं. भूल देणार माझीच जुनी विद्यार्थिनी. आज तिने ह्याला तपासलं. मी खुर्चीत गप्प — निवृत्त माणसाने लुडबुड करू नये. तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला लावली. मग थांबली. "काका, दाढी काढावी लागेल. हनुवटी दिसत नाही."
"दिसू नये म्हणूनच ठेवलीय," हा म्हणाला. सगळे हसलो.
घरी आल्यावर मात्र ठाम. दाढी काढणार नाही.

४ जून
पोरगी शिकवलेलं विसरली नाही, बरं वाटलं. मला आमच्या सरांनी शिकवलेलं — उघड्या तोंडात तीन बोटं उभी मावावीत, हनुवटीपासून कंठमण्यापर्यंत तीन बोटं बसावीत. कमी भरली, तर पेशंटला झोपवल्यावर श्वासाची नळी घालताना तुमची झोप उडेल!
काय दिवस होते. मेसमध्ये आम्ही मुली एकमेकींचे गळे मोजायचो. बसमध्ये, लग्नात, समोर येईल त्या हनुवटीला मी मोठ्याने मार्क द्यायचे. जिभेला हाड नव्हतं. हा तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला, जेवायला आमच्याच मेसमध्ये. पुस्तकावर शिक्का मारताना मान वर करायचा नाही. सुट्टीनंतर दाढी वाढवून आला आणि चक्क बोलायला लागला. खोटं कशाला लिहू, मला आधी दाढीच आवडली. त्या लायब्ररीतली खिडकीजवळची जागा अजून आठवते. फार आठवते.

६ जून
भांडण. "इतकी वर्षं तू भूल देत होतीस, तुला माझा गळा माहीत नाही?" म्हणाला. नाही माहीत. हात हजारदा फिरवला असेल, मोजला कधीच नाही.
मग त्याला एक गोष्ट सांगितली, आजवर न सांगितलेली. नोकरीचं दुसरं वर्ष. दाढीवाला सुतार, हसरा. दाढीखाली काय आहे ते मी पाहिलं नाही. झोपवला — आणि नळी जाईना. मास्कही दाढीवर नीट बसेना. ओठ निळे पडत गेले. सर धावत आले म्हणून तो वाचला. मी जिन्यात बसून रडले होते.
"तुझ्या बाबतीत असं झालं तर मी कुठे बसू?" विचारलं. तो उठून बाल्कनीत गेला.

८ जून
काढली. मोरीचं दार लावून. बाहेर आला तो तोंडावर हात धरून. मी हात बाजूला केला, बोटं ठेवली. दोनच भरली.

९ जून
आज ऑपरेशन. तिने जोखीम घेतली नाही. जागेपणीच, घसा बधिर करून, कॅमेऱ्याच्या नळीने वाट शोधली, मग झोपवलं. मी पहिल्यांदाच दाराच्या बाहेरच्या बाजूला. चहा घेतला, तसाच गार झाला. बाहेर येऊन ती म्हणाली, "मॅडम, दाढी तशीच ठेवून झोपवलं असतं तर —" मी तिचा हात धरून ठेवला. सगळं नीट झालं.

११ जून
घरी आणलं. आवाज अजून बसलेला. दाढी आता परत वाढवू नकोस म्हटलं, असाच छान दिसतोस. मग म्हणाला, "त्या सुट्टीच्या आधी मेसमध्ये तू मैत्रिणींना सांगत होतीस, दोन बोटांच्या हनुवटीशी आपण लग्न करणार नाही. मी मागच्याच टेबलावर होतो."
मला आठवतसुद्धा नाही.