हिच्या ब्रेकचं लाकूड

आदरणीय दादा यांस,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. वहिनींचा खोकला हटला का? तुम्ही स्वतः ठणठणीत असालच, कारण आजारी पडायचं तुम्ही मनावर घेतल्याचं मला आठवत नाही. इकडे सगळं ठीक आहे. ठीक कसलं, झकास आहे! हे पत्र उभ्यानं वाचू नका, खुर्ची घ्या. (मी कातलेल्या पायांचीच घ्या, दुसरी करकरते.)

तुमची बहीण जिंकली. पूलच्या, म्हणजे त्या बिलियर्डसारख्या खेळाच्या स्पर्धेत, थेट दातांच्या डॉक्टरांना हरवून. आणि त्यात या गरिबाचा वाटा काय, ते ती सांगणार नाही म्हणून मी सांगतो.

त्या खेळात सुरुवातीला पंधरा चेंडू त्रिकोणात मांडतात आणि पांढरा चेंडू त्यांच्यावर असा आदळायचा की सगळ्यांची दाणादाण उडाली पाहिजे. त्याला ब्रेक म्हणतात. हिचा नेम पक्का, पण ब्रेक मवाळ. डॉक्टर एकदा भर हॉलमध्ये म्हणाले होते, "बाईंचा ब्रेक म्हणजे शेजारी साखर मागायला आल्यासारखा. हळूच टकटक!" त्यात हिच्या ब्रेकच्या काठीचा शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता अर्धा भाग, उभा तडकला. डॉक्टरांनी दयाळूपणे स्वतःची जुनी काठी देऊ केली. ही म्हणाली, "नको, आमचे हे करतील." दादा, मी जन्मभर लेथवर खुर्च्यांचे पाय आणि पाळण्यांचे दांडे कातले. पण बायकोनं चारचौघांत असं म्हटल्यावर नवरा काय करतो? मान डोलावतो.

पहिल्यांदा शिसव घेतलं. म्हटलं, ब्रेकला कठीण लाकूड लागतं ना, मग शिसवाच्या तोंडाला कोण लागणार! शाफ्ट दिसला राजदंडासारखा आणि वजनालाही तसाच भरला. काठीचं तोंड एकसारखं खाली. हिनं जोर लावला तेव्हा पांढरा चेंडू टेबलावरून उडाला आणि हॉलच्या मालकीणबाईंच्या (त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात, का ते त्यांचा आवाज ऐकला की कळतं) चहात पडला. कॅप्टन जे बोलल्या ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. मला मात्र कळलं, नुसतं जड असून भागत नाही, हात वेगानं सुटला पाहिजे.

मग ॲश आणलं. हलकं, चिवट, हातोड्याच्या दांड्याचं लाकूड. पण मी नक्षीला भुललो. (नक्षी बघून लाकूड घेणारा आणि मिशा बघून जावई करणारा, दोघे सारखेच फसतात. तुम्ही माझ्या मिशा पाहिल्या नव्हत्या, हे माझं नशीब.) रेषा तिरक्या होत्या, आणि घाईनं मी एका दमात कातून काढलं. सकाळी बघतो तर शाफ्टचं केळं झालेलं! हिनं ते टेबलावर लोळवलं, ते डुगडुगत गेलं, आणि हिनं ते उचलून माझ्या हातात परत दिलं.

त्यानंतर मी दिसेल ते लाकूड वाजवत सुटलो. चांगलं लाकूड टण्ण बोलतं, पोकळ मनाचं थप्प. गिऱ्हाइकाची कपाटं वाजवली, बँकेतला बाक वाजवला, तिथल्या पहारेकऱ्यानं मला बाहेर काढलं. शेवटी घरी जिना चढताना हातातली पेन्सिल सहज कठड्यावर आपटली आणि दादा, टण्ण! जुनं मॅपल, कठीण आणि तरी हलकं. वर्षानुवर्षं वाळलेलं, रेषा दाट आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. मी स्क्रू काढायला लागलो.

ही वरून उतरताना सवयीनं हात टेकायला गेली, तिथे हवा. "कठडा कुठंय?"

"लेथवर."

भिंतीला धरून ती उरलेल्या पायऱ्या उतरली. मग म्हणाली, "या खेपेला घाई करू नका."

नाही केली. केसभर कातायचं, टांगून ठेवायचं, पुन्हा केसभर. ज्या दिवशी तो टेबलावरून न डुगडुगता लोळला, त्या दिवशी मी जेवायचं विसरलो.

अंतिम सामन्यात शेवटच्या डावाचा ब्रेक हिच्याकडे आला. डॉक्टर मिश्कीलपणे कानाला हात लावून बसले, टकटक ऐकायला. आणि फाड्! चार चेंडू टेबलाच्या भोकांत, बाकीचे रानोमाळ! डॉक्टरांचा हात कानावरच राहिला. ते खुर्चीतून उठायच्या आत हिनं उरलेलं टेबल साफ केलं. कॅप्टननी मला मिठी मारली. माझ्या बरगड्या अजून दुखतात, पण ते दुखणं मला कौतुकाचं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. तुमच्या जिन्याचा कठडाही मॅपलचाच आहे. (मागे मी तो वाजवत होतो तेव्हा वहिनींना वाटलं वाळवी शोधतोय.) तुम्ही अजून दोन-दोन पायऱ्या चढता, तुम्हाला कठडा हवा कशाला? लोखंडी बसवून देतो.

ता. ता. क. कोणासाठी ते लपवत नाही. डॉक्टर घरी आले होते. शाफ्ट डोळ्याशी धरला, बोटानं वाजवला आणि खाली बघून म्हणाले, "मलाही एक." कारागिराला असं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? हरवलेल्या माणसालाच शाफ्ट करून देतो म्हणून हिनं मात्र अबोला धरलाय, तेवढी तिची समजूत काढा.

दादा, आता मी, तुझी बहीण, लिहितेय, हे गेलेत पाकीट आणायला. कठडा दे. डॉक्टरांना मीच पाठवलं होतं. जिंकल्यापासून हे येईल त्याला फाड् करून दाखवत होते आणि लेथवर धूळ बसली होती. आता कामाला लागलेत. अबोला आणखी चार दिवस धरीन म्हणते, घर फार शांत आहे.