पाठमोरा सामुराई

प्रिय तिखटे,

फोन असताना या येड्याला कागद कशाला लागला, म्हणून आधी हसून घे. फोनवर तू मध्येच तोडतेस, मी मध्येच तापतो आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून तुझ्या मैत्रिणीच्या हाती हे देतोय. रविवार परवावर आलाय. हिंमत असेल तर त्या दिवशी माझ्या दादासमोर झुंजायला उभा राहा, मग बघू आपलं, असं तूच म्हणालीस. मीही ताडकन हो म्हणालो.

कॉलेज सोडल्यापासून मी जुन्या फिल्मा दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात आहे. फाटलेली रिळं जोडायची, पुसायची, उजेडाच्या टेबलावर भिंगाखाली एकेक चौकट तपासायची. पहिल्याच दिवशी मी त्यांना आपल्या आवडत्या सामुराई सिनेमांची यादी ऐकवली, तेव्हापासून मी त्यांचा ‘सरदार’. सरदार, तलवार ठेवा, हातमोजे घाला! तुझा लाडका सिनेमा कोणता, तर बेकार सामुराई छत्र्या करून पोट भरतो आणि अख्ख्या गोष्टीत तलवार एकदाच उपसतो, तीही बांबू चिरायला. मी जांभया द्यायचो. मला हवी शेवटची झुंज. दोघं समोरासमोर, पापणी हलत नाही, मग एकच वार. अशा वेळी फिल्म क्लबच्या अंधारात तू माझं मनगट घट्ट धरायचीस. मी झुंज बघायला यायचो की त्या मनगटासाठी, देव जाणे.

सोमवारी एक रीळ आलं, डब्यावर नाव नाही. कोरडं नदीपात्र, दोन सामुराई. एकाच्या चेहऱ्यावर बुरशीचा डाग, दुसरा आपल्याकडे पाठ करून उभा. वार होण्याआधी ते किती वेळ थांबलेत! मी खूश, म्हटलं तुला दाखवायला हवं. मंगळवारी तोच तुकडा पुसताना पाठमोऱ्याचा कान दिसला. सोमवारी दिसला नव्हता, शपथ. बुधवारी गाल. काकांना बोलावलं तर म्हणाले, पाठच आहे की रे, दुपारचं जेवत जा जरा. मी पुसत राहिलो.

काल भर दुपारी त्याने पूर्ण मान वळवली होती. तो मी होतो. डोक्यावर केसांचा बुचडा बांधलेला, पण नाक माझं, हनुवटीवरचा व्रण माझा. मला वाटलं, संपलं, आता मीच पडणार. धीर करून पुढची चौकट ओढली, तिच्या पुढची ओढली. पडला तो दुसरा. डाग पुसला गेला होता आणि डावी भुवई मधोमध फाटलेली होती. कॉलेजच्या जिन्यात मी दादाची फोडली, तशीच. मी मात्र उभा होतो आणि हसत होतो. तसं हसताना मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. काका मागे येऊन उभे राहिले. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनीही ती चौकट पाहिली. भिंग माझ्या हातातून काढून घेतलं, रीळ डब्यात टाकलं आणि झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली.

आता खरं ऐक. दादा रिकाम्या हाताने येणार, हे मला ठाऊक आहे, तो तसाच माणूस आहे. मी मात्र रीळ गुंडाळायच्या यंत्राचं लोखंडी हँडल फडक्यात बांधून पिशवीत ठेवलं होतं. सोमवारी सकाळीच, रीळ यायच्याही आधी. तुला कळू दिलं नाही. आज ते काकांच्या हातात दिलं आणि कशासाठी घेतलं होतं तेही सांगितलं. रविवारी मी येणार नाही. मग आपलं काय होईल, तेही मला कळतंय. पण दादाला ठरल्या जागी एकट्याला ताटकळत ठेवू नकोस. हे पत्र त्यालाच वाचून दाखव, हँडलपासून सगळं. मग तो मला शोधत आला तर येऊ दे. मी दुकानातच असेन, दार उघडं ठेवून.

भित्रा म्हणालीस तरी,
तुझाच