जुन्या डिस्क चालतीलच

२२ ऑक्टोबर २००७
काल दीक्षाभूमीला जाऊन आलो. संकल्पाला याहून चांगला दिवस नाही. तर संकल्प: खर्रा बंद, तंबाखू-सुपारीची ती पुडी पुन्हा तोंडात नाही. सकाळी सहाला उठणे. रोज रोजनिशी लिहिणे. मोठे उद्योजक लिहितात म्हणे.
आज उठलो सव्वानऊला. प्रवासाचा थकवा.
धंदा: उत्तम. राजदीप गेम झोन, सडक अर्जुनी, हायवेला लागून, पंक्चरच्या दुकानाशेजारी. एक पीएस-टू, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, एक टीव्ही, डिस्कचा भरलेला डबा, दोन खुर्च्या. आज गिऱ्हाईक तीन पोट्टे. त्यातला एक नुसता पाहायला. लोडशेडिंग नसतं तर तीसही आले असते.
सायंकाळी गावाहून, केशोरीहून, बाबा आले. खुर्चीवर बसले, टीव्हीकडे पाहिलं, दोन्ही रिकाम्या कंट्रोलरकडे पाहिलं. म्हणाले, "मंडईपावतर पाह्यतो बापू. चाललं त चाललं. नाही त राइस मिलच्या काट्यावर मानूस पायजे, मी सबद देऊन ठेवलो."
गावची मंडई, ती जत्रा, दिवाळीनंतर; म्हणजे जेमतेम महिना हातात. धानाची पोती मोजायला मी जन्मलो नाही. बी.ए. आहे. एकच विषय राहिला.
बाबा गेल्यावर एक खर्रा. शेवटचा.

२४ ऑक्टोबर, गोंदिया
कॉम्प्युटरच्या दुकानात नेटवर बसलो. तासाचे वीस रुपये. पैसे वसूल!
शोध: पीएस-थ्री, म्हणजे माझ्याच मशीनचा पुढचा अवतार, आपल्या देशात चाळीस हजाराला दहा रुपये कमी. तेच अमेरिकेत, पुढच्या आठवड्यात येणारं नवं मॉडेल घेतलं, तर सोळा हजारांच्या आसपास! तोच काळा डबा, तीच वायर. माणसाने फक्त विमानात बसायचं.
आणि पिंकी अमेरिकेत आहे. माझी सख्खी बहीण. जवाईबापू संघदीप तिथे इंजिनिअर. दोघं मंडईला येत आहेत. याला म्हणतात दूरदृष्टी. (लग्न बाबांनी जमवलं होतं, पण होकार मीही दिला होता.)
जुन्या डिस्कचं काय, हाही विचार केला. नवीन मशीनवर जुन्या डिस्क चालतात असं स्वच्छ लिहिलेलं वाचलं. खाली बारीक अक्षरात आणखी बरंच होतं. तास संपला.
म्हणजे माझा डिस्कचा डबा सुरक्षित. केशोरीच्या मंडईत स्टॉल लावायचा. विदर्भात प्रथमच. बाबांना पहिल्या रांगेत खुर्ची.

२५ ऑक्टोबर, केशोरी
जवाईबापूंना सरळ फोन करणार होतो. मॉडेल, नंबर, सगळं सांगणार होतो. आई अन्नपूर्णाबाई आडवी आली. बाबांनी तर हातच जोडले, म्हणाले, "जवायाले यादी देतेत का रे? लगन झाल्यापासून पयल्यांदा येऊन रायले. का म्हनतीन?"
बरोबर आहे. आपल्याकडे जावयाला मागायचं नसतं, त्याच्या तोंडून निघालं पाहिजे. ठरलं असं: मी आईला सांगायचं, आई पिंकीला फोनवर सांगेल, पिंकी योग्य वेळ पाहून त्यांच्या कानावर घालेल, आणि मग त्यांना आपणहून सुचेल.
खर्रा: अर्धा. हाफ म्हणजे प्रगतीच.

३० ऑक्टोबर
सुचलं! पिंकीचा केशोरीला फोन. मी मुद्दाम गेलो होतो. पिंकी म्हणाली, तिथे दोन प्रकार मिळतात, शंभर डॉलरचा फरक आहे, दादाला कोणतं पाहिजे?
आई समोर उभी. डोळे वटारून बोटाने खाली, खाली अशी खूण करत होती. मी म्हणालो, स्वस्तवालंच.
पिंकी म्हणाली, "हे म्हणून रायले का फरक कायचा हाय थो दादाले समजावून सांग, मंग इचार."
मी म्हणालो, फरक मला माहीत आहे. (डब्याच्या रंगाचा असणार. किंवा मोठ्या खोलीला भाडं जास्त लागतं तसं काही, आतल्या जागेचं, गिगाबाइटचं.) जवायाचे शंभर डॉलर वाचवले. आईने पाठीवरून हात फिरवला. फार वर्षांनी.

३ नोव्हेंबर
जुनं मशीन विकलं. घेणारा चंद्रकुमार, हायवेच्या पलीकडे मोबाइल रिचार्जचं दुकान. आता तोही म्हणे दोन पोट्टे बसवणार. बसव बापा. मी थ्रीवर जाणार, तू टूवर ये.
मोनालीला पटलं नाही. बायको चिचगडची आहे, जंगलाकडची माणसं फार सावध. म्हणाली, "नवं घरी येऊ द्या जी, मंग जुनं इका. कायले घाई करून रायले?"
तिला समजावलं की एका टीव्हीला दोन मशीन म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. शिवाय स्टॉलचा मंडप, जनरेटर, बोर्ड, हे सगळं कशातून करणार?
चंद्रकुमारने विचारलं, "और डिस्क, भैया?" डिस्क दिल्या नाहीत. त्याच्या मशीनबरोबर फक्त कुस्तीची, चरे पडलेली. बाकी डबा माझ्याकडे. इतका काही मी भोळा नाही.

८ नोव्हेंबर
दुकान बंद आहे, कारण मशीन नाही. याचा अर्थ धंदा बंद आहे असा नव्हे. नियोजन चालू आहे.
बोर्ड रंगवून आला: राजदीप अमेरिकन गेम झोन. पेंटरने बाजूला आपल्या मनाने कमळ काढलं. राहू दिलं.
अमेरिकेत करंट वेगळा असतो, हे मला माहीत होतं. नागपूरहून ट्रान्सफॉर्मर मागवला. पाच किलोचा आहे. तयारी अशी हवी.
पुढची योजना: दर मंडईला पिंकी दोन मशीन आणेल. एक ठेवायचं, एक गोंदियात विकायचं. तीन वर्षांत शोरूम.
आज तीन खर्रे. विचार करायला लागतो.

१५ नोव्हेंबर, केशोरी
जवाईबापू आले! आईने पाय धुवायला पाणी दिलं, ते लाजले. जय भीम झालं, चहा झाला. कोणीही मशीनचा विषय काढला नाही. मीही नाही. सगळे बॅगेकडे पाहत होते.
दुपारच्या जेवणानंतर त्यांनीच काढलं. काळंभोर, चकाचक, एकही ओरखडा नाही. गावातले पोट्टे खिडकीला लोंबकळले. मी पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. म्हणाले, "दादा, भेट आहे." वर आपल्या पसंतीची एक नवी गेमसुद्धा आणली. तिथे म्हणे घराघरात खेळतात.
डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू?
ट्रान्सफॉर्मर पाहून जवाईबापू म्हणाले, लागणार नाही, मशीनमध्ये सोय आहे. तरी लावला.
आमच्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं आलं. टीव्ही जुना आहे आणि मशीन तिकडच्या पद्धतीचं, म्हणून रंग जुळत नाहीत म्हणे. काही बिघडलं नाही. जगातलं सर्वात आधुनिक मशीन, थोडं कलात्मक.

१६ नोव्हेंबर, सकाळी
डिस्कचा डबा आणला. क्रिकेट घातली. मशीनने आत ओढली, विचार केला, काही बोललं नाही. पुसून घातली. ट्रकची घातली. मोटरसायकलची घातली. लुंगीने पुसून, पदराने पुसून, फुंकर मारून घातली. डबा संपला.
एकही नाही.
जवाईबापू दात घासत आले. फार सौम्य माणूस. म्हणाले, दादा, स्वस्त मॉडेलमध्ये जुन्या डिस्क चालवायची सोय त्यांनी काढून टाकली आहे, शंभर डॉलरचा फरक तोच होता. आणि तिथल्या मशीनवर आपल्याकडच्या जुन्या डिस्क तशाही चालल्या नसत्या, ते जगाचे भाग पाडून प्रत्येक भागात वेगळ्या डिस्क विकतात. "म्हणून तर पिंकीला म्हटलं होतं, फरक सांगून मग विचार."
खोलीत बाबा, आई, मोनाली, पिंकी. पोट्टे खिडकीला होतेच.
मी म्हणालो, हो हो, माहीत आहे मला. मुद्दाम खात्री करत होतो.
पिंकी काही बोलणार होती. आईने तिच्या ताटात भाकर वाढली. जवायाच्या भेटीत खोट काढायची नाही, विषय संपला. शिवाय आईने आधीच अख्ख्या गावाला सांगून ठेवलं आहे की जवायाची मशीन मंडईत लागणार.
तर ती लागणार. नवी गेम आहे ना एक.

१९ नोव्हेंबर, मंडईचा दिवस, सकाळी
पाळणे आले, जिलेबीवाले आले, घराघरात पाहुणे. आपला मंडप नाटकाच्या तिकीट खिडकीसमोर. जागा सोन्यासारखी. जनरेटर सुरू. बाबांची खुर्ची पहिल्या रांगेत. आज सिद्ध होईल.
खर्रा नाही. आज तोंड रिकामं पाहिजे, गिऱ्हाइकांशी बोलावं लागेल.

त्याच दिवशी, रात्री
सविस्तर लिहिण्याची इच्छा नाही. तरी संकल्प म्हणून.
जवाईबापूंची गेम अमेरिकन फुटबॉलची निघाली. त्यात पायाने कोणी खेळत नाही. डोक्यावर टोप घातलेले पंधरावीस पहेलवान एका जागी वाकतात, मग एकमेकांवर पडतात, मग शिट्टी. पुन्हा वाकतात. काळे-पांढरे असल्यामुळे आपला कोणता, परका कोणता, तेही कळत नाही. जवाईबापू स्टॉलवर उभं राहून पोट्ट्यांना नियम समजावत होते. एक पोट्टा म्हणाला, "काका, हे काऊन पडून रायले? बॅटिंग कवा येते?"
दुपारपर्यंत चार गिऱ्हाईकं. त्यातले दोघे मोनालीचे मामेभाऊ.
समोरच्या रांगेत चंद्रकुमारचा स्टॉल. माझं जुनं मशीन, रंगीत टीव्ही. पण त्याच्याजवळ ती एकच कुस्तीची डिस्क, दर पाच मिनिटांनी अडकणारी. तिकडचे पोट्टेही बोंबलत होते. एकीकडे मशीन, डिस्क नाही. दुसरीकडे डिस्क, मशीन नाही. मध्ये जिलेबीवाला.
चंद्रकुमार स्वतः आला. म्हणाला, "भैया, डब्बा दे दो, आधा-आधा कर लेते." मी स्पष्ट नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. विकलेल्या मशीनच्या दारात मालकाने डबा घेऊन जायचं?
मी जनरेटरमध्ये डिझेल टाकायला गेलो. परत आलो तर डबा नाही आणि मोनालीही नाही.
पलीकडे पाहिलं. मोनाली चंद्रकुमारच्या स्टॉलवर, पदर खोचून, पोट्ट्यांना रांगेत लावत होती. क्रिकेट सुरू झालं होतं. रंगीत. आवाज नाटकाच्या भोंग्यावर चढला. पोट्टे, मोठे, पाहुणे आलेले जावई, सगळे तिकडे. आमचे जवाईबापूही थोड्या वेळाने तिकडेच गेले. चांगली बॅटिंग करतात.
बाबांनी आपली खुर्ची उचलली आणि पलीकडे नेऊन ठेवली.
(मोनालीला मीच पाठवलं, असं जेवताना सर्वांना सांगितलं.)

२० नोव्हेंबर
वाईट वाटलं. खूप वाटलं. मशीनचं नाही. बाबांनी खुर्ची उचलली त्याचं.
सकाळी अंगणात बाबांजवळ बसलो. म्हटलं, मिलवाल्याला सांगा, येतो. बाबांनी दाताला मंजन घासलं, चूळ भरली. मग म्हणाले, "सून हुशार हाय बापू तुही. तिले दुकान पाहू दे." थोड्या वेळाने म्हणाले, "तुले जवायानं चांगली वस्तू आनली होती. आमीच तोंड दाबलो तुहं."
बाबा असं कधी बोलत नाहीत. मी खर्ऱ्याची पुडी काढली. अर्धा त्यांनी घेतला.

४ डिसेंबर, सडक अर्जुनी
राइस मिल. काट्यावर. तात्पुरतं. वजनाचा अनुभव पुढे शोरूमला उपयोगी पडेल.
दुकान: मोनाली आणि चंद्रकुमार भागीदारीत. जुनं मशीन परत आपल्या गाळ्यात आलं, डब्याजवळ. बोर्ड तोच, "अमेरिकन" तेवढं पुसलं. कमळ राहिलं.
अमेरिकन मशीन केशोरीला आईकडे. गाण्याची सीडी त्यावर चालते, हे पिंकीने जाण्याआधी शोधून काढलं. आई पहाटे भीमगीतं लावते. ट्रान्सफॉर्मर खाली पाटासारखा ठेवला आहे. आवाज छान आहे, शेजारी ऐकायला येतात. आई प्रत्येकाला सांगते, जवायानं आनली, सोळा हजाराची.
आज मिलमधून सुटून, अंगावरचा कोंडा झटकून दुकानात गेलो. म्हटलं एक मॅच खेळू. मेमरी कार्डात माझी टीम अजून आहे, माझ्याच नावाची. मोनाली म्हणाली, "लायनीत या जी. पोट्टे कवापासून उभे हायेत."
लायनीत उभा राहिलो. माझ्यापुढे सात पोट्टे. माझा नंबर आला, कंट्रोलर हातात घेतला, टीम निवडली.
लाइट गेली.
उद्यापासून खर्रा बंद.