एकवीस अंगठे

अकोला, १२ मार्च १९६३

देवमनदादा, जयभीम.

तेलगिरणीचं काळं पाणी वस्तीच्या विहिरीत झिरपतं, हे तुला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात सोमवारी गिरणीचे बाबू इंग्रजी कागद घेऊन आले. मनकर्णाकाकी म्हणाली, "आमची ललिता म्याट्रिक हाये. तिले वाचू द्या, मंग आंगठे घ्या."

मला निम्मे शब्द कळले नाहीत. सगळ्या बायांसमोर तसं सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, "नवी विहीर देतो म्हणतात." एकवीस अंगठे उमटले.

नक्कल माझ्याजवळ होती. काल शब्दकोश मागून आणला. 'पाणी चांगलं आहे, आमची तक्रार नाही,' एवढंच त्यात आहे.

बाया येता-जाता विचारतात, "विहीर कधी खंदतेत वं?" मी मान हलवते. काकीच्या नातीला चार दिवस जुलाब होताहेत.

स्वतः शाळेचं तोंड न पाहता तू मला शिकवलंस, म्हणून आधी तुलाच सांगायचं होतं. पण हे पत्र तुला दुसराच कोणी वाचून दाखवील. म्हणून टपालात टाकत नाही. आता काकीकडे जाते. तिनं दार लावून घेतलं, तरी बाहेर उभी राहून सगळा कागद मराठीत वाचीन.

तुझी,
ललिता